अंगठे छताकडे: काँट्रा नाचात तेच खांदे, तीच मनगटं पुन्हा पुन्हा का दुखावतात

मध्यंतर झालं की पाण्याच्या टेबलापाशी कुणीतरी उजवा खांदा चोळत उभं असतं. कधी अंगठ्याचा बुंधा, कधी मनगट. दर वेळी माणूस वेगळा, दुखणं तेच. मी नाच शिकवताना माईकवरून "घट्ट धरू नका" असं सांगितलेलं असतं, हॉलभर माना डोललेल्या असतात, आणि तासाभराने पुन्हा कुणीतरी बर्फाची पिशवी मागायला येतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये काँट्रा नाचांना कॉलर म्हणून, म्हणजे माईकवरून पुढची हालचाल पुकारणारी म्हणून, उभं राहायला लागून मला आता ११ वर्षं झाली. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं हे दुखणं माझ्या मागे लागलेलं होतं. आता ते पुष्कळ कमी झालंय. काय बदललं ते इथे लिहिते. मी जाते त्या हॉलांत हल्ली मराठी मुलं-मुली बऱ्यापैकी दिसतात, त्यातल्या दोघी-तिघींना कॉलिंग शिकायचंय, आणि त्यांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला.

ज्यांनी काँट्रा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडचा समूहनाच. मूळ इंग्लंडच्या जुन्या नाचांत. तिथल्या नाचांचं पुस्तक १६५१ साली लंडनमध्ये छापून निघालं होतं. समोरासमोर दोन लांब रांगा, त्यात चार-चार जणांचे गट, मंचावर फिडल-पियानोचा बँड आणि माईकवर कॉलर. एक नाच म्हणजे ६४ मात्रांचं आवर्तन. आवर्तन संपलं की प्रत्येक जोडी एक घर सरकते आणि नव्या जोडीबरोबर तेच पुन्हा. भूमिका दोन, लार्क आणि रॉबिन. जोडी शेजारी-शेजारी उभी राहिली की लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. लेफ्ट-राइटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते लक्षात राहतं. पूर्वी यांना जेंट्स आणि लेडीज म्हणत. आता बऱ्याच हॉलांत कुणीही कोणतीही भूमिका घेतं.

पंधरा-सोळा आवर्तनांत तुम्ही रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांच्या हातात हात दिलेला असतो. काँट्राचं सगळं सुख यात आहे. आणि एखादा हात आडदांड असेल, तर तो त्याच रात्री पंधरा जणांपर्यंत पोचतो, हेही यातच आहे.

आधी बँडकडे बघा, मग स्वतःकडे

तक्रार आली की कॉलरची नजर पहिल्यांदा नाचणाऱ्यांकडे जाते. माझीही जायची. पण वर्तुळात फिरताना हातावर येणारा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेतलं भौतिकशास्त्र इथे लागू पडतं. मिनिटाला १०८ मात्रा वाजत होत्या त्या १२० झाल्या, पावलं मात्रेवरच पडत राहिली आणि वर्तुळ तेवढंच राहिलं, तर ओढा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. अंगठ्याच्या सांध्याला तो पुरेपूर कळतो.

म्हणून नाच सुरू होण्याआधी बँडशी दोन मिनिटं बोलते. पहिले दोन नाच ११० च्या आसपास ठेवा, मी तळहात खाली दाबल्याची खूण केली की थोडं उतरा. बहुतेक वादकांना हे आवडतं. वेग कमी ठेवूनही नाच उचलून धरणारे वादक मी पाहिलेत. ते प्रत्येक मात्रेला असा उठाव देतात की पाय आपोआप पडतो.

दुसरं कारण माझ्या हाकांमध्ये होतं. काँट्रात कॉलर पुढच्या फिगरचं, म्हणजे नाचातल्या ठरलेल्या हालचालीचं, नाव आधीच्या फिगरच्या शेवटच्या चारेक मात्रांत पुकारतो, म्हणजे नवी फिगर सुरू होताना हाक संपलेली असते. ती पहिल्या मात्रेवर आली तर नाचणारे दोन मात्रा मागे पडतात, आणि त्या दोन मात्रा भरून काढायला समोरच्याचा हात ओढतात. मी एकदा फोन मंचावर ठेवून माझ्याच हाका रेकॉर्ड केल्या. घरी ऐकलं तेव्हा कळलं की 'चेन' ही फिगर मी जवळजवळ दर वेळी उशिरा पुकारत होते, कारण तिच्या आधी स्विंग (दोघांनी एकमेकांना धरून जागीच गरगर फिरणं) असायचा आणि मी स्विंग बघण्यात रमून जायचे. खांदे नेमके चेनमध्येच दुखावत होते. नव्या कॉलरना मी सगळ्यात आधी हे रेकॉर्डिंग करायला सांगते.

तिसरी गोष्ट नाचांच्या निवडीची. 'कोरस जिग'सारख्या जुन्या नाचांत बरंचसं काम रांगेतल्या ठरावीक जोड्यांकडे असायचं. बाकीचे उभे राहून दम घेत. आजकाल रचल्या जाणाऱ्या नाचांत सगळेच सतत हलतात, एका आवर्तनात शेजाऱ्याबरोबर एक स्विंग आणि जोडीदाराबरोबर एक. नाचणाऱ्यांना हे हवंच असतं, मलाही आवडतं. पण हिशोब करून बघा: एका रात्रीत चार नाचांत चेन आली आणि प्रत्येक नाच पंधरा आवर्तनं चालला, तर रॉबिनचा हात, जो चेनच्या शेवटी कमरेमागे धरला जातो, ६० वेळा पाठीमागे गेला. आता मी एका रात्रीत चेनचे दोन नाच ठेवते, फार तर तीन, आणि ते एकापाठोपाठ येऊ देत नाही.

"करू नका" का पोचत नाही

मी वर्षानुवर्षं सांगत होते: घट्ट धरू नका, ओढू नका, अंगठा दाबू नका. ज्यांचे हात मुळातच हलके होते ते हे ऐकून आणखी सैल झाले, इतके की हातात हात आहे की नाही कळेना. ज्यांचे हात जड होते त्यांना वाटलं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे. हॉलमधल्या कुठल्याच माणसाला आपण समोरच्याला दुखावतोय असं वाटत नसतं. माझं सांगणं ज्या माणसाकडे जायला हवं, त्याच्यापर्यंत ते या वाटेने जातच नव्हतं.

एका मध्यंतरात एक सत्तरीच्या बाई माझ्याकडे आल्या. चाळीस वर्षं नाचणाऱ्या. मनगटावर पट्टा होता. म्हणाल्या, "तू त्यांना काय करू नका ते रोज सांगतेस. ते करतातच. मग मी काय करायचं, ते कधी सांगशील?"

मी त्या रात्री नीट झोपले नाही. त्यांचं बरोबर होतं. सुरक्षिततेचं माझं सगळं शिकवणं दुखावणाऱ्याला उद्देशून होतं. ज्याचं मनगट पकडीत आहे, त्याच्या हातात मी काहीच दिलेलं नव्हतं. उलट नवख्यांचा समज असा व्हायचा की हात सोडला तर नाच मोडेल आणि सगळ्यांचा विरस होईल. म्हणून ते दुखत असतानाही धरून ठेवायचे.

तेव्हापासून माझं शिकवणं या एका गोष्टीभोवती फिरतं: प्रत्येक फिगर शिकवताना तिच्यातून सुटायचं कसं तेही त्याच वाक्यात, सगळ्यांसमोर, शिकवायचं. त्याने जड हाताची जबाबदारी कमी होत नाही, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. पण सुटका सगळ्यांना माहीत असली की जड हातालाही लगेच उत्तर मिळतं, समोरचा तळहात उघडतो, आणि माझ्या दहा सूचनांनी झालं नसतं ते एका आवर्तनात होतं.

अॅलमांड: हाताशिवाय आधी

अॅलमांडमध्ये दोघं एक हात मिळवून एकमेकांभोवती फिरतात, कधी एक फेरी, कधी आठ मात्रांत दीड. दीड फेरीला वेग लागतो, म्हणून तिथे ओढाताण होते.

पहिला वॉक-थ्रू, म्हणजे संगीताशिवाय फिगर नुसती चालून बघणं, मी हाताशिवाय करून घेते. "उजवा हात द्यायच्या जागी फक्त दाखवा, आणि एकमेकांभोवती चालत जा." सगळे चालतात, फिगर पूर्ण होते, कुणी हरवत नाही. मग म्हणते, "बघा, हाताशिवायही जमतं. नाचताना कधीही हात सोडावासा वाटला तर असंच चाला." एवढ्या एका वाक्याने हॉलमधली किती माणसं खांदे सैल सोडतात ते मंचावरून दिसतं.

दुसऱ्या वेळी हात. इथे मी चार शब्दच वापरते: अंगठे छताकडे, कोपर खाली. तळहाताला तळहात, बोटं समोरच्याच्या हाताभोवती हलकी वळलेली, अंगठा वर. अंगठा वर असला की समोरच्याच्या हाताच्या पाठीवर तो दाबता येत नाही, आणि तो दाबला गेल्यामुळेच पकड शिकंजा होते. कोपर वाकलेलं आणि खाली असलं की ओढ खांद्याच्या मागच्या मोठ्या स्नायूंवर येते. हात सरळ ताणला की सगळं मनगटावर आणि खांद्याच्या खोबणीवर.

काँट्रातले लोक ज्याला 'वजन देणं' म्हणतात, ते इथे शिकवावं लागतं, नाहीतर सगळे सैल होऊन बसतात. त्यासाठी चाळीस सेकंदांचा एक सराव आहे. संगीत नाही, फिरणं नाही. अॅलमांडच्या पकडीत दोघं उभे. दोघांनी थोडं मागे तुलायचं, अगदी थोडं, आणि बोलायचं: "जास्त", "कमी", "आता बरोबर". मग दुसऱ्या शेजाऱ्याबरोबर तेच. वजन किती द्यायचं हे यातून कळतंच. त्याहून मोलाचं हे की प्रत्येकाच्या तोंडून एकदा "कमी" हा शब्द अनोळखी माणसासमोर निघालेला असतो. ज्याने एकदा म्हटलं तो नाचताना पुन्हा म्हणू शकतो. मी हा सराव रात्री एकदाच घेते, दुसऱ्या किंवा तिसऱ्या नाचाआधी, लोकांची अंगं जरा मोकळी झाल्यावर.

आणि सुटका: समोरच्याने अंगठा दाबलाच, तर बोटं सरळ उघडायची आणि मनगट त्याच्या अंगठ्याच्या दिशेने वळवून काढून घ्यायचं. पकड तिथेच सगळ्यात कच्ची असते. हे मी मंचावरून एका मदतनिसाबरोबर करून दाखवते, हसतमुखाने, पाच सेकंदांत.

स्विंग आणि फुगडी

मराठी मुलींना स्विंग शिकवताना मला एक वेगळीच अडचण आली. त्या फार लवकर शिकतात, आणि मागे झोकतात.

मी सांगलीची. मंगळागौरीला, नागपंचमीला फुगड्या घालून मोठी झाले. हात आडवे कैचीत, चवड्याला चवडे लागलेले, दोन्ही हात ताणून सगळं अंग मागे टाकलेलं, आणि मग जी गती येते तिच्यात जग पुसून जातं. वजन देणं म्हणजे काय हे मला अमेरिकेत कुणी शिकवावं लागलं नाही. पण फुगडीत दोघींचा तोल मिळून एक असतो. एकीने हात सोडला की दोघी पडतात, आणि हा करार दोघींना ठाऊक असतो. ओळखीच्या मैत्रिणीबरोबर, अंगणात, मिनिटभर.

स्विंगमध्ये तोल दोन. बॉलरूमसारखी पकड: लार्कचा उजवा तळहात रॉबिनच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, रॉबिनचा डावा हात लार्कच्या दंडावर किंवा खांद्यामागे, दुसरे दोन हात एकमेकांत, कोपर मऊ. उजवी पावलं मधोमध जवळजवळ, डाव्या पायाने ढकलायचं, मुलांची स्कूटर ढकलतो तसं. डोकं, कंबर, टाच एका रेषेत. कमरेतून मागे झुकलं की तुमचं सगळं धड समोरच्याच्या एका तळहातावर टांगलं जातं, आणि तो तळहात रात्रभर तीस-चाळीस माणसांना असं पेलत असतो.

यासाठी मी जे सांगते ते मराठी आणि अमेरिकन दोघांनाही लागू पडतं: "आत्ता दोघांनी हात सोडले तर दोघं उभे राहाल का?" सुरुवातीला अगदी सावकाश स्विंगमध्ये मी "सोडा" म्हणते आणि सगळे सोडतात. बहुतेक उभे राहतात, एखाद-दुसरा एक पाऊल मागे जातो आणि स्वतःच समजून घेतो. मुलींना मी वेगळं सांगते: पाठीचा ताण फुगडीचाच ठेव, झोक तेवढा काढून टाक. त्यांना ते लगेच समजतं, कारण फुगडीतही नवशिकी हातांनी ओढते आणि तरबेज मुलगी पाठीने धरते.

चक्कर येत असेल तर समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा, असं सगळेच सांगतात, आणि ते खरं आहे. फिरणाऱ्या जगात तेवढंच एक स्थिर असतं. पण अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघणं सगळ्यांना सोसत नाही. कान किंवा खांदा चालतो. हे माईकवरून सांगितल्यावर एक शांत मुलगा मुद्दाम येऊन आभार मानून गेला होता.

गुडघा दुखणाऱ्यांनी ढकलपाऊल सोडून साधं चालत स्विंग करावा. मात्रेवर चाललात तर समोरच्याला काही कमी पडत नाही. आणि स्विंगच्या शेवटी समोरच्याला मागे वाकवून झोकणं, ज्याला डिप म्हणतात, ते विचारल्याशिवाय कधीच नाही. गर्दीच्या रांगेत विचारूनही नाही, कारण शेजारच्या जोडीचे पाय तिथेच असतात.

चेन आणि कर्टसी टर्न: खांदे इथेच जातात

याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

चेनमध्ये दोन्ही रॉबिन उजवा हात देऊन मधून पार होतात, समोरच्या लार्कला डावा हात देतात, आणि तो लार्क त्यांना शेजारी घेऊन अर्धवर्तुळ वळतो. त्या वळण्याला कर्टसी टर्न म्हणतात. पारंपरिक पकडीत रॉबिनचा उजवा हात कमरेमागे असतो आणि लार्कचा उजवा हात तिथे त्याला भेटतो. सगळं आठ मात्रांत.

आता बऱ्याच जणांना इथे साध्या वळण्याऐवजी गिरकी द्यायला आवडते. रॉबिनचा हात वर घेऊन त्याखालून फिरवायचं. गिरकी सुंदर दिसते, घेणाऱ्यालाही मजा येते, आणि मी तिच्या विरोधात नाही. पण पाठीमागे गेलेला हात तिथूनच वर ओढला, तर खांदा अशा कोनात वळतो ज्यात तो सगळ्यात दुबळा असतो. ज्याचा खांदा आधीच आखडलेला आहे, त्याला एक ओढ पुरते. आणि काँट्रात पन्नाशी-साठीची माणसं भरपूर असतात.

मी तीन गोष्टी बदलल्या. पहिली, नवख्यांना कर्टसी टर्न पाठीमागच्या हाताशिवायच शिकवते. लार्कचा उजवा तळहात रॉबिनच्या पाठीवर, रॉबिनचा उजवा हात स्वतःच्या कमरेवर, घागऱ्यावर, कुठेही समोर. वळण तितकंच नीट होतं. पाठीमागची पकड ज्यांना येते ते ती घेतातच. तिला मूळ नियम म्हणून मी शिकवत नाही.

दुसरी, गिरकीचा निर्णय रॉबिनचा. लार्कने हात वर उचलून फक्त विचारायचं. रॉबिनने आपला हात छातीच्या उंचीवर खाली ठेवला, तर उत्तर नाही, आणि साधं वळायचं. याचाही सराव घेते: सगळ्या रॉबिननी एकदा हो म्हणायचं, एकदा हात खाली ठेवून नाही म्हणायचं. लार्कना 'नाही' मिळण्याची सवय तिथेच, हसतखेळत होते. त्यानंतर भूमिका बदलून पुन्हा एकदा. जे नेहमी लार्क नाचतात त्यांनी रॉबिन होऊन एकदा गिरकी घेतली की त्यांना जे कळतं, ते माझ्या माईकला जन्मात सांगता येणार नाही.

तिसरी, गिरकीत हात धरायचा नाही. लार्कने दोन बोटं टोकं खाली करून द्यायची, रॉबिनने त्यांच्याभोवती सैल मूठ करायची. जात्याचा खुंटा जसा मुठीत फिरतो, तशी बोटं मुठीत फिरली पाहिजेत. इथल्या मुलांना जातं दाखवायची सोय नाही, त्यांना मी बरणीत फिरणारा चमचा सांगते. पण आजीच्या मांडीशी बसून जात्याला हात लावलेल्या कुणालाही हे एका शब्दात समजेल. हात कपाळाच्या वर, किंचित पुढे. डोक्याच्या मागे गेला की पुन्हा खांद्यावर आला.

बाकीचं पटकन

स्टारमध्ये (चौघं एक-एक हात मधे देऊन चाकासारखे फिरतात) पुढच्याच्या मनगटावर हात ठेवायचा, आवळायचा नाही. अंगठा बोटांच्या बाजूलाच. पेट्रोनेला (चौघं गिरकी घेत एक-एक जागा सरकतात ती फिगर) किंवा कुठल्याही रिंगणाच्या बॅलन्समध्ये, म्हणजे हात धरून पुढे-मागे झुलताना, हात खाली उपटले जातात, तिथे "कोपरं मऊ" एवढं पुरतं. 'हे फॉर फोर' या फिगरमध्ये (चौघं वेणीसारखे एकमेकांच्या मधून नागमोडी जातात) हात नसतात, टक्कर असते, कोपरं अंगाजवळ. पाय उडवणं रिकाम्या हॉलमध्ये ठीक, गर्दीत दुसऱ्याच्या पोटरीवर बसतं. गर्दी जास्त असेल तर एक रांग वाढवा. रांगेच्या टोकाला बाहेर थांबलेल्या जोडीला सांगा की भिंतीकडे न सरकता तिथेच उभं राहून जागा बदला, नाहीतर त्या परत येताना कुणाच्या तरी अंगावर येतात. बाहेरचे बूट लाकडी जमिनीवर आणू देऊ नका, आणि पाणी सांडलं तर नाच चालू असतानाही कुणाला तरी फडकं घेऊन तिथे उभं करा.

एका रात्रीत एकच गोष्ट शिकवा. आज अंगठे, पुढच्या वेळी गिरकी. मी मंचावरच्या कार्डावर त्या रात्रीची एक ओळ लिहून ठेवते, आणि दुसरं काही कितीही दिसलं तरी ते वहीत लिहून घेते, माईकवर आणत नाही. शिकवण नाचाच्या आत, नेमक्या त्या फिगरच्या जागी, सात-आठ शब्दांत. लोक नाचायला आलेले असतात, आणि बँड त्यांच्यामागे वाद्यं घेऊन थांबलेला असतो.

एवढं करूनही न बदलणारा माणूस

असतोच. बहुतेक वेळा मनाने चांगला, ताकदवान, आपल्या उत्साहाचं कौतुक झालेलं पाहिलेला. त्याला माईकवरून कधीही, नाव न घेता सुद्धा, लक्ष्य करू नका. सगळ्यांना कळतं कुणाबद्दल आहे ते.

मी मध्यंतरात आयोजकांपैकी एकाला सोबत घेऊन बाजूला जाते. मी स्वतः जे पाहिलं तेच सांगते: "तिसऱ्या नाचात तुम्ही चेनमध्ये हात मागून वर घेत होतात. दुसऱ्या भागात साधं वळण करा, गिरकी देऊ नका." कुणी तक्रार केली हे सांगत नाही, कारण तो पुढच्या नाचात त्याच माणसासमोर येणार असतो. आणि काय करायचं ते ठोस सांगते. "जपून नाचा" म्हटलं तर प्रत्येक जण आपल्याला जपून नाचतोच असं समजतो. एका माणसाशी असं बोलल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, "मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही." ते ऐकून मला फार वाईट वाटलं, त्याच्यासाठीही.

पुढच्या दोन-तीन वेळांतही बदल झाला नाही, तर तो निर्णय आयोजकांचा. त्या माणसाला काही महिने येऊ नका असं सांगण्याची वेळ मी एकदाच पाहिली. ते सोपं नव्हतं, पण दुखावणारा येत राहिला की दुखावले जाणारे गुपचूप येणं बंद करतात, हे आयोजकांना तोवर दिसलेलं होतं.

कुणी खरोखर पडलं, तर संगीत थांबवायची खूण बँडशी आधीच ठरलेली हवी. माझी खूण म्हणजे दोन्ही हात डोक्यावर आडवे. बर्फ कुठे आहे, प्रथमोपचाराची पेटी कुठे, हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र कुठल्या भिंतीवर, हे हॉलमध्ये शिरतानाच बघून ठेवते.

एक जागा अजून माझ्या पुरती हातात आलेली नाही: शेवटच्या वॉल्ट्झच्या आधीचा काँट्रा. तीन तास झालेले असतात, पाय दमलेले, बँड मात्र पेटलेला, आणि मी हात दाबून खूण केली तरी मात्रा चढतात. मलाही त्या क्षणी त्यांना उतरवावंसं वाटत नाही, कारण हॉल एका श्वासात नाचत असतो. म्हणून मी त्या नाचात चेन ठेवत नाही, गिरकी मागणारी फिगर ठेवत नाही, दीड फेरीचा अॅलमांड ठेवत नाही. रिंगण, 'हे फॉर फोर', एक लांब स्विंग, आणि पुढे-मागे जाणाऱ्या रांगा. मनगटावर पट्टा बांधणाऱ्या त्या बाई आता शेवटच्या काँट्रापर्यंत थांबतात. पूर्वी मध्यंतरातच घरी जायच्या.